लोंबकळता कंटेनर

माझ्या धाकट्या भावाची बायको बंदरावर क्रेन चालवायला शिकवते. माणूस लाखमोलाचं, पण शिकवताना तोंडाला कुलूप नाही. मी त्याच बंदराच्या फाटकावर ट्रकच्या पावत्या तपासायचे. ते काम मशीनकडे गेलं. साहेब म्हणाले, क्रेनची परीक्षा पास झालात तर केबिनमध्ये बसा, नाहीतर घरी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर घरी बसायची माझी मुळीच तयारी नव्हती. मुकाट्याने भावजयीची शिष्या झाले.

शिकवणी एका खोलीत. एक खुर्ची, दोन दांड्या आणि डोळ्यांवर चढवायचा जाडजूड चष्मा. तो चढवला की खोली गायब. खाली समुद्र, समोर कंटेनरच्या थप्प्या. कुठे जायचं ते निळा बाण दाखवायचा, आणि बाण कमी पडलाच तर भावजय होतीच.

"वन्सं, डावीकडे. हळू. अजून हळू. आता खाली. बघा, बसला की नाही!"

आठवडाभर माझा एकही कंटेनर वाकडा बसला नाही. मी अगदी हवेत होते. मग एकदा तिने बाण बंद केला आणि पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा मी कंटेनर टांगून तशीच बसलेले.

"काय झालं?"

"कुणी काही सांगितलंच नाही."

दोघींनाही हसू फुटलं. पण परीक्षेत कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी ती थेट दुसऱ्या टोकाला गेली. "आज पूर्ण मोकळीक. काय हवं ते करा."

मग काय, मी मोकाट सुटले. एक कंटेनर समुद्रात सोडला. आवाज झकास आला, म्हणून आणखी दोन सोडले. साहेबांच्या ऑफिसच्या छपरावर एक अलगद ठेवला. संध्याकाळी भावजयीने विचारलं, "काय शिकलात?"

"छपरावर छान बसतो."

तिने कपाळावर हात मारून घेतला.

घरी भांडी घासताना आमची चांगलीच जुंपली. "धरलंस तर गुदमरवतेस, नाहीतर वाऱ्यावर सोडतेस," मी म्हणाले. "मधलं काही येतं का तुला?" तिने हातातलं ताट तसंच ठेवलं आणि वही उघडली. तिने वही उघडली की मला भीतीच वाटते.

सकाळी चष्मा चढवला तर समुद्र नाही, ऑफिस नाही. नुसती जमीन, एक कंटेनर आणि वारा.

"हा कुठेही ठेवायचा नाही," ती म्हणाली. "फक्त हलायचा थांबवायचा. कसा, ते मी सांगणार नाही."

तो उजवीकडे झुलला की मी क्रेन डावीकडे ओढायचे, की झोका आणखीच मोठा. मी घामाघूम झाले, तिला नाही नाही ते बोलले. ती एवढंच विचारायची, "आत्ता तो कुठे गेला? आणि तुम्ही कुठे गेलात?" शेवटी रागाच्या भरात मी क्रेन घेऊन त्याच्या मागेच धावले आणि बरोबर त्याच्या डोक्यावर पोचले. कंटेनर शहाण्यासारखा उभा राहिला. मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या वर्गातले लोक धावत आले.

मग तिने एकेक गोष्ट परत आणली. आधी थप्प्या, मग ट्रक, सगळ्यात शेवटी समुद्र.

परीक्षा खऱ्या क्रेनवर होती. मी उंच केबिनमध्ये, खाली परीक्षक आणि त्यांच्या शेजारी वॉकीटॉकी घेतलेली भावजय. धोका दिसला तरच तिने बोलायचं, आणि ती बोलली की मी नापास.

कंटेनर ट्रककडे नेत होते तेवढ्यात वारा सुटला आणि तो पलीकडच्या थप्पीकडे झुलला. वॉकीटॉकी खरखरली. संपलं सगळं, असं वाटलं. पण शब्द काही आला नाही. मी थप्पीच्या दिशेने, झोक्याच्या मागे गेले, त्याला गाठलं, उभा केला आणि ट्रकवर बसवला.

उतरले तेव्हा परीक्षक हसून मान डोलावत होते आणि भावजय डोळे पुसत होती. मला इतका आनंद झाला होता की आधी तिलाच झापलं.

"खरखर कशाला केलीस गं? जीव जायचा माझा!"

"बटण दाबलं होतं मी, वन्सं. 'थांबा' म्हणणार होते."

मी तिथे थांबले असते तर कंटेनर थप्पीवर आदळला असता. हे दोघींनाही कळत होतं.

"मग म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही तोवर निघाला होतात."