पापणीचा वैरी

चपलांच्या दुकानावरच्या त्या चिमुकल्या पार्लरमध्ये वीस-बावीस बायका श्वास रोखून दोन वाट्यांकडे बघत होत्या. ज्यांना आत जागा मिळाली नव्हती, त्या जिन्यावर टाचा उंचावून उभ्या होत्या.

"बघा गं पोरींनो!" पांढऱ्या कपड्यांतल्या माईंनी दोन काचपट्ट्या वर धरल्या. दोन्हींवर डिंकाने एकेक कृत्रिम पापणी चिकटवलेली. "ही बुडवते साध्या पाण्यात. आणि ही माझ्या सिद्धजलात. सात वर्षं मौन पाळून मिळवलंय हे!"

त्या सात वर्षांची भरपाई माई हल्ली मिनिटभरही गप्प न बसता करत होत्या.

थोड्या वेळाने साध्या पाण्यातली पापणी सुटून तरंगू लागली. सिद्धजलातली जागची हलली नाही. जिन्यापर्यंत "अगंबाई!" गेलं.

"पाणी हाच पापणीचा वैरी! एकवीस दिवस डोळ्यांना पाण्याचा थेंब नको. रोज माझं सिद्धजल टोकाला लावा. दोन महिने हलणार नाही पापणी!"

बाटल्या हातोहात गेल्या. पार्लरवाली मात्र कोपऱ्यात उभी राहून साध्या पाण्याच्या वाटीतून येणारा, गुलाबाच्या फवाऱ्याखाली दडलेला एक वास ओळखत होती. नऊ वर्षं एकेक केस चिमट्याने पापणीवर बसवणाऱ्या बाईला तो वास झोपेतही ओळखता आला असता. डिंक सोडवायचं ते औषध होतं. आदल्याच दिवशी माईंनी सहज विचारलं होतं, "त्या निळ्या झाकणाच्या बाटलीत काय असतं गं?" तिने भाबडेपणाने सगळं सांगितलं होतं. आज ती बाटली अर्धी झाली होती.

तरी ती गप्प बसली. कारण माईंचं प्रवचन ऐकून बाहेर पडणारी प्रत्येक बाई तिच्याच खुर्चीवर पापण्या लावायला बसत होती. शिवाय पापण्या खरंच जरा जास्त टिकत होत्या. टिकणारच! डोळे चोळू नका, तेल लावू नका, असं ती गेली नऊ वर्षं कानीकपाळी ओरडत होती, तेव्हा कुणी ढिम्म ऐकलं नव्हतं. माईंच्या धाकाने सगळ्यांचे हात आपोआप आवरले होते. पण रोज हलक्या हाताने पापण्या धुवा, हेही ती सांगत असे. ते आता तिने गिळून टाकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, माईंची बाटली घेऊन गेलेली तिची नणंद दारात आली. दोन्ही पापण्या सुजलेल्या, कडांना पिवळट खपल्या, डोळे उघडता येईनात.

"वहिनी, माई म्हणतात शक्ती बाहेर पडतेय."

पार्लरवालीने तिला तडक डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरणीने भिंगातून पाहिलं.

"किती दिवस धुतले नाहीत डोळे?"

"अठरा."

"घाण साचून कडांना जंतुसंसर्ग झालाय. अजून आठवडा गेला असता तर बुबुळापर्यंत गेलं असतं. कुणी सांगितलं धुवू नका म्हणून?"

रस्त्यात नणंद वहिनीचा हात धरून हळूच म्हणाली, "तू गप्प होतीस, म्हणून मला वाटलं खरंच असेल. तू नको म्हणाली असतीस ना, तर मी माईंचं ऐकलंच नसतं."

पार्लरवालीला भर रस्त्यात तोंड कुठे लपवावं ते कळेना. नणंदेने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. या विश्वासाची तिला लाज वाटली, इतकी की घरी जाऊन तिला जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी, पुन्हा माई, पुन्हा दोन वाट्या. माईंनी आपल्या तांब्यातून "साधं पाणी" ओतायला घेतलं, तोच पार्लरवाली पुढे झाली.

"थांबा माई. साधं पाणी माझ्या नळाला येतंच की."

तिने सगळ्यांसमोर नवी वाटी नळाखाली भरली आणि पापणी लावलेली काचपट्टी तिच्यात सोडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पापणी जागच्या जागी.

"तुझ्या मनात किंतू आहे, म्हणून शक्ती रुसली!" माई कडाडल्या.

"रुसली असेल तर पापणी सुटायला हवी होती, माई. ही तर चिकटून बसलीय." पार्लरवालीने तांब्या उचलून पुढच्या बाईच्या नाकाशी धरला. "वास घ्या. मग या निळ्या बाटलीचा घ्या."

तांब्या आणि बाटली हातोहात जिन्यापर्यंत फिरली. दोन्ही परत येईपर्यंत माई गर्दीतून वाट काढत खाली उतरल्या होत्या. पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला होत्या.

"लबाड कुठची!" एकजण म्हणाली. मग पार्लरवालीकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं हो?"

काल कळलं, म्हणता आलं असतं. आणि सगळ्यांनी तिला डोक्यावरही घेतलं असतं.

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "माझ्या खुर्चीला गिऱ्हाईक येत होतं, म्हणून गप्प बसले. माझ्या नणंदेचे डोळे जाता जाता वाचले."

काहीजणी तशाच निघून गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं तिला अजूनही वाटत नाही.

त्या दिवशी तिने आरशाशेजारी एक कागद चिकटवला. तो अजून तिथे आहे: "पापण्या रोज धुवा. डोळे चोळू नका. जुना केस गळतो तसा लावलेलाही गळतो, त्यावर मंत्र नाही. कुणी चमत्कार दाखवला तर वाटी स्वतःच्या हाताने नळाखाली भरा. आणि ज्याला ठाऊक असायला हवं, ते माणूस गप्प असेल, तर त्याला विचारा, का गप्प आहेस. मलासुद्धा विचारा."