तेलातलं तोंड

माझ्या पोरीनं बापाचे डोळे खाल्ले, असं आमच्या वस्तीवरच्या बाया बोलतेत. तोंडावर बोलायची हिंमत न्हाई कुणाची. मी गेले की गप व्हतेत अन् उगं शेरडाकडं बघतेत. पण मी काय बहिरी हाय का? डोळे गेले ते बंदुकीवरच्या काचेपायी. नक्षत्राचा काय संबंध त्यात? तुमीच ऐका अन् सांगा.

आमी मेंढरंवाले. पाथरीच्या अलीकडं माळाला वस्ती हाय आमची. माझे मालक अंगद बारकेपणापासून मेंढरामागं हिंडलेले, म्हणून नजर लय लांबची. झुडपाआडचा लांडगा कुत्र्याच्या आधी ह्यांना दिसायचा. फौजेत गेल्यावर साहेब लोकांनी बरोबर हेरलं अन् दुर्बिणीची रायफल हातात दिली. लांबून नेम धरायचं काम.

सुट्टीला आले की मला समदं समजावून सांगायचे. म्हणायचे, "आधीची दुर्बीण बारकी व्हती. दिवस कलला की तिच्यात नुसता अंधार. आता नवी आलीय. तिची म्होरची काच मोठी हाय, झुंजुमुंजूलाबी दिसतंय. बाजूला चक्री हाय. ती फिरवली की धुरकट हाय ते साफ व्हतंय."

"किती साफ?"

"समोरच्या टेकडीवरच्या माणसानं काल दाढी केलती का न्हाई, ते कळतंय."

"मग त्याला मारता?" मी इचारलं.

मालक उठले. एका मेंढीच्या पायातला काटा काढत बसले. मी परत कधी इचारलं न्हाई.

त्या नव्या दुर्बिणीत एक खोट व्हती. काच मोठी, म्हणून सूर्य समोर आला की ती चमकायची, माळावर फुटकी बाटली चमकती तशी. मग समोरच्यालाबी कळतंय, कोण कुठं दबा धरून बसलंय. त्यासाठी काचेवर बसवायची काळी जाळी असती म्हणं. दुर्बिणी आल्या, जाळ्या मागून येणार व्हत्या. मागून म्हंजे कधी, ते कुणी सांगंना.

"मग तवर काय करता?" मी म्हणलं.

हे नुसते हसले. माझी काळी जाळीची ओढणी व्हती, पाथरीच्या बाजारातली, लग्नाच्या वर्षी घेतलेली. तिचं टोक कातरून घेतलं अन् पाकिटात घातलं. "तुझी ओढणी फौजेत भरती झाली," म्हणले. मी बी अशी येडी, मला लय भारी वाटलं. वस्तीभर सांगत सुटले.

पुढं दिवस गेले, पाथरीच्या दवाखान्यात पोरगी झाली. माझी सासू धुरपताबाई, तिला मी आत्याबाई म्हणते. तिनं पोरीची येळ जोशीबुवाला इचारली. मूळ नक्षत्र निघालं. आत्याबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"बापाला जड हाय लेकरू," ती म्हणली. "तेच नक्षत्र परत येईल त्या दिवशी शांती करायची. काशाच्या वाटीत तेल घेऊन त्यात बापानं पोरीचं तोंड बघायचं, मग समोरून. तवर न्हाई."

त्याच दिवशी सरहद्दीवरच्या चौकीवरून ह्यांचा फोन आला, तोंड दिसणारा. "दाखीव की," म्हणले. आवाजच असा आलता की माझ्या डोळ्याला पाणी आलं. मी फोन पोरीवर धरायला गेले, तर आत्याबाईनं झडप घालून त्याच्यावर हात ठेवला.

"अंगद, लेका, बघशील तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

"बरं माय," हे म्हणले. बरं माय! मला असा राग आला म्हणून सांगू.

"आवो, परक्या माणसाची दाढी रोज बघताव अन् पोटच्या पोरीचं तोंड बघायला काय झालंय?"

तिकडून हसायचा आवाज आला. "तिथं हुकूम हाय शीला, हिथं माय हाय. सुट्टी मंजूर झालीय, शांतीलाच येतोय. वाटीत बघतो, मग जीव भरून समोरून बघतो. अन् तवर कुणी नाव ठेवू नका. तोंड बघून मी ठेवणार."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मेंढराकडं गेली तवा मी गुपचूप पोरीचा फोटो काढला अन् ह्यांना धाडला. पोरगी झोपीत व्हती, एक हात गालाखाली. थोड्या येळानं ह्यांचा आवाज आला फोनवर, दोनच वाक्यं. "फोटो आला. उघडला न्हाई, मायीनं शपथ घातलीय." मी फोन बाजंवर आपटला. असला माणूस कुठं असतो का?

पुढचं, सुट्टी लागायच्या आधी काय झालं ते, मला योगीराजनं सांगितलं. योगीराज चुडाव्याचा, ह्यांचा जोडीदार. नेम धरणाऱ्याच्या बाजूला दुसरी दुर्बीण घेऊन बसायचं, ते त्याचं काम. ह्यांची पेटी घेऊन तो घरी आला तवा चहाचा घोटसुदा घेतला न्हाई त्यानं.

म्हणला, "वैनी, ओढणी बांधली की काच अंधारायची. म्हणून पहाटं आमी ती काढून ठेवायचो अन् दिवस उगवायच्या आत परत बांधायचो. त्या दिवशी समोर काहीतरी हलत व्हतं. मी म्हणलं, अंगद, ओढणी बांध, उजाडलंय. तो म्हणला, थांब, दिसायलंय."

तेवढंच बोलणं झालं. सूर्य समोरून वर आला, काच चमकली अन् त्या चमकीवर गोळी आली. रायफलवरची दुर्बीण फुटली, तिचे तुकडे ह्यांच्या डोळ्यात. दोन्ही. नेम धरताना दोन्ही डोळे उघडे ठेवायची शिकवण हाय म्हणं. अडाण्यावानी एक मिटला असता तर एक तरी राहिला असता.

"जाळी असती तर?" मी इचारलं.

योगीराजनं पेटी माझ्याकडं सरकवली. परवा त्याचाच फोन आलता. जाळ्या आल्या म्हणं.

पेटीत ह्यांचा फोन व्हता. त्याला चार्जिंग लावलं अन् उघडला. मी धाडलेला पोरीचा फोटो तसाच व्हता, धुरकट, मधी बाण. नुसतं बोट टेकवलं असतं तर साफ झाला असता. चक्रीबी फिरवायची नव्हती. मी त्या धुरकट फोटोकडं बघून एवढी रडले, एवढी दवाखान्यात ह्यांच्या पट्ट्या बघून रडले न्हाई.

लय महिन्यांनी हे घरी आले. अन् बायांच्या जिभा सुटल्या. मुळावरची पोरगी, घेतले बापाचे डोळे. आत्याबाईचं तर बळच वाढलं. "बगा, मी म्हणत व्हते का न्हाई?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग तिनं शांती धरली.

मी म्हणलं, "आता कशाला? काय बघायचं राहिलंय आता?"

"पोरीवरचा बोल तरी जाईल," ती म्हणली.

मी काशाची वाटी घासायला घेतली. उद्या ह्या पोरीला ह्याच माणसात रहायचंय.

जोशीबुवा आले. होम झाला. काशाच्या वाटीत तेल वतलं, मी पोरीला घेऊन ह्यांच्या खांद्याकडं उभी राहिले. पोरीचं तोंड तेलात चांगलं लख्ख पडलं. मला दिसायलं, आत्याबाईला दिसायलं, भोवतीच्या समद्या बायांना दिसायलं.

"बघा वाटीत," जोशीबुवा रोजच्यावानी म्हणून गेले अन् मग घुटमळले.

ह्यांनी काळा चष्मा काढला. वाटी चाचपली अन् तिच्यावर वाकले.

"दिसलं का रे लेका?" आत्याबाई सवयीनं बोलून गेली.

"दिसलं माय."

माझं डोस्कं फिरलं. "काय दिसलं? मरूस्तवर मायीचंच मन राखा तुमी!" मी समद्यांसमोर वरडले. ह्यांचा हात धरला अन् पोरीच्या तोंडावर ठेवला. बोटं तेलकट. कपाळ, नाक, गाल चाचपत फिरली. पोरीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायली. डोळ्यापाशी मात्र त्यांचा हात थांबला, पापणीला टेकला न्हाई.

"डोळे कसे हायत गं?" हळूच म्हणले.

"तुमचेच."

जोशीबुवानं दोष गेला म्हणून सांगितलं अन् इचारलं, "नाव काय ठेवायचं?"

हे वाटी बाजूला सारून बसले. "तोंड बघून ठेवतो म्हणलो व्हतो," म्हणले. "आता तूच ठेव शीला."

पोरगी आता भिंतीला धरून चालायलीय. बाया मुळाची म्हणतेत, आत्याबाई बाय म्हणती. मी अजून नाव ठेवलं न्हाई.