घासून आणलेली बाटली

आमच्या भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची खोली दुधाच्या काचेच्या बाटल्यांनी भरलेली आहे. जवळपासच्या बंद पडलेल्या डेअऱ्यांच्या, एकशे बारा. आमचे हे म्हणतात, "एवढ्या बाटल्या, आणि चहाला दूध मात्र शेजारून." भाऊजी नुसते हसतात.

परवा माझं सकाळचं मौन नुकतंच सुटलं होतं, तेवढ्यात एक निवृत्त नर्सबाई आल्या. टॉवेलात गुंडाळलेली बाटली त्यांनी तान्ह्या बाळासारखी भाऊजींच्या हातात दिली.

"माझ्या वडिलांची डेअरी होती. दीडच वर्ष चालली. दादा म्हणतो, कसली डेअरी, बाबा दुसऱ्यांच्या बाटल्या धुवायचे. फोटो नाही, कागद नाही. माळ्यावर ही तेवढी सापडली. निळं, पुसट नाव होतं हिच्यावर."

भाऊजींनी बाटली खिडकीशी धरली. काच कोरी होती.

"नाव कुठंय?"

"तुमच्याकडे मळकी कशी आणायची, म्हणून तारेच्या घासणीनं..." बाई मध्येच थांबल्या. "गेलं का हो?"

मला वाटलं, आता भाऊजी बोलणार. मला साध्या ओल्या फडक्यानंही बाटल्या पुसू न देणारा हा माणूस. पण त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा. वहिनी, ही जरा फ्रीजमध्ये ठेवता?"

चहा होईपर्यंत बाटली गार झाली. भाऊजींनी ती कोरडी पुसली, तोंडाजवळ धरली आणि हळूच वाफ सोडली. काच धुरकट झाली आणि त्या धुरकटात अक्षरं उमटली. बाईंचं माहेरचं आडनाव. खाली 'डेअरी'.

"रंग भट्टीत भाजलेला असतो," भाऊजी म्हणाले. "तो निघाला तरी काचेवर वण राहतो."

वाफ विरली.

"पुन्हा करा ना," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी पुन्हा वाफ सोडली. मग बाटली बाईंच्या हातात दिली. "आता तुम्ही."

या डेअरीची बाटली भाऊजींकडे नाही. बाटल्या जमवायला लागल्यापासून अकरा वर्षांत दिसलीच नव्हती. मागितली असती तर बाईंनी त्या क्षणी देऊन टाकली असती. बहुधा म्हणूनच त्यांनी मागितली नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

बाईंनी दोनदा वाफ सोडून पाहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि फोन लावला.

"दादा, असशील तसा इकडे ये. नाही, फोनवर नाही सांगायची. आणि हे बघ, येताना चष्मा आण."