भिंतीवर टाचलेला अर्ज

आमच्या काउंटीच्या नियोजन खात्यात मी बावीस वर्षं खिडकीवर बसते आहे. शेतजमिनीच्या करार-अर्जाला उशीर का होतो, हे मी झोपेतही सांगेन. शेतकऱ्याने लिहून द्यायचं की पुढची दहा वर्षं इथे शेतीच करीन, घरं बांधणार नाही. मग काउंटी त्याच्याकडून बाजारभावाने कर न घेता शेतीच्या उत्पन्नाप्रमाणे घेते. एवढं साधं काम, आणि ते अडतं एकाच टेबलावर. मोजणी अधिकारी हद्दीचं वर्णन तपासतात ते आठवड्यातून एकदा, गुरुवारी जेवणानंतर, तेही मासे पकडायला गेले नसतील तर. त्यांना कोणी खुर्चीत बसवलं असतं तर निम्मा उशीर तिथेच संपला असता. पण खिडकीवरच्या बाईला कोण विचारतो?

त्याऐवजी आमचे संचालक हॉल्वर्सन यांनी कामकाज सुधारायला राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, सल्लागार आणली. नाव ब्रिटा. तिने गाय पाहिली असेल तर दुधाच्या खोक्यावरच. आल्या आल्या तिने बैठकीच्या खोलीची भिंत तपकिरी कागदाने मढवली आणि म्हणाली, "आपण अर्जाचा प्रवास मांडू या. मला एक खराखुरा अर्ज द्या."

त्याच सकाळी इदालिना बेटनकोर्ट अर्ज देऊन गेली होती. वय एकसष्ट, पायात गोठ्यातले बूट. आमच्या चर्चमधली, म्हणून मी तिला मावशी म्हणते. वसंतात तिचे काका जोआकिम वारले आणि ज्या गोठ्यात तिने तीस वर्षं दूध काढलं, तो गोठा आणि एकशे अठरा एकर तिच्या नावावर झाले. काकाकडून पुतणीकडे जमीन गेली की तिची किंमत नव्याने ठरते. चारी बाजूंनी घरं रस्त्याला येऊन भिडलेली, त्यामुळे किंमत आभाळाला टेकली होती. डिसेंबरअखेर करार नोंदला गेला नाही, तर वर्षभराच्या दुधातून सुटतं त्याहून जास्त कर भरावा लागणार होता.

"वेळेत होईल ना गं, नेल्डा?" तिने विचारलं होतं.

ब्रिटाने नेमका तिचाच अर्ज उचलला. मी फोन करून सांगितलं, "मावशी, तुमचा अर्ज नमुना म्हणून घेतलाय. सगळ्या साहेबांची नजर त्याच्यावर. सगळ्यांत आधी तुमचंच काम होणार बघा." मला ते खरंच वाटलं होतं. इतकी वर्षं सरकारी नोकरी करूनही अक्कल आली नव्हती.

अर्जाची चौदा पानं भिंतीवर टाचली गेली. "निदान झेरॉक्स लावा," मी म्हटलं. तर ब्रिटा म्हणाली, "खऱ्या कागदाची ऊर्जा वेगळी असते." यावर काय बोलायचं! दर सोमवारी सोळा अधिकारी मफिन खात त्या भिंतीसमोर उभे राहायचे. हा अर्ज पुढे का सरकत नाही यावर चर्चा करायचे आणि एकेक पिवळी चिठ्ठी चिकटवायचे. टाचणीने टोचलेला कागद सरकत नसतो, हे सोळांतल्या एकालाही सुचलं नाही. सुधारणा समितीचे अध्यक्ष कोण, तर मोजणी अधिकारी. सोमवारी मात्र ते न चुकता यायचे.

ऑक्टोबर सरत आला तशी मी हॉल्वर्सनकडे गेले. "साहेब, त्या बाईंचा अर्ज भिंतीवरून काढून पुढे पाठवू का? तारीख जवळ आली."

"मधेच काढला तर अभ्यासाचे आकडे बिघडतील, नेल्डा. तुम्ही जरा मोठं चित्र बघा."

मी मान डोलावली आणि खिडकीवर येऊन बसले. माझ्या पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. माझी हिंमत तेवढीच. इदालिना दर पंधरवड्याला घरचा गोड पाव घेऊन यायची, आणि मी "चाललंय, मावशी" म्हणत तो पाव खायचे.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी काउंटी मंडळाची बैठक भरली. वर्षातली शेवटची, आणि करारांना मंजुरी मिळते ती याच बैठकीत. हॉल्वर्सननी पडद्यावर भिंतीचा फोटो दाखवला. दोनशे दिवसांचं काम आता साठ दिवसांत होणार म्हणाले. टाळ्या झाल्या, ब्रिटाला फुलं दिली. मग लोकांना बोलायला तीन-तीन मिनिटं. इदालिना चर्चला घालायचा कोट घालून माइकसमोर आली.

"त्या फोटोतला अर्ज माझा आहे," ती म्हणाली. "तो मंजूर झाला का?"

हॉल्वर्सन हसले. "मॅडम, तुमच्या अर्जाचं योगदान फार मोलाचं आहे. पुढच्या वर्षीच्या अर्जदारांना त्याचा फायदा होईल."

"पुढच्या वर्षी माझी जमीन असेल का?"

"आपला वेळ संपला," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. माइकवरचा दिवा अजून हिरवाच होता.

जानेवारीत तिने सौदा केला. घेणारा तिथे प्लॉट पाडणार होता, आणि त्याची अट होती की कराराचा अर्ज आधी मागे घ्यायचा. ती खिडकीवर आली, तेव्हा आदल्याच दिवशी गाई ट्रकमधून गेल्या होत्या. मी बैठकीच्या खोलीत जाऊन टाचण्या उपटल्या, चिठ्ठ्या सोलून काढल्या. अर्ज मागे घेण्याचा फॉर्म ब्रिटाने नवा केला होता. एक पान, एक सही, मोजणी खात्याकडे जायचं नाही. इदालिनाने सही केली, मी शिक्का मारला आणि नोंद घातली.

"झालं?"

"झालं, मावशी."

तिने माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

"म्हणजे येतं की गं तुला," ती म्हणाली.