उस्तादांचा आवाज

माईकमधून नुसता 'फुस्स' असा आवाज आला आणि नगीनाने चारही पाय आवळून अशी उडी मारली, की पाठीवरच्या शर्वरीच्या दोन्ही रिकिबी सुटल्या. घोडी मैदानाचा बुटका पांढरा कठडा ओलांडून थेट चिंचेखाली जाऊन थांबली. नाकपुड्या फुललेल्या, अंगावर शहारे. शर्वरी तिच्या मानेला मिठी मारून कशीबशी वर टिकली होती.

"बंद करो वो माईक! बंद करो!" रेड्डीसाहेब ओरडले. माईक त्यांनीच मंडपवाल्याकडून मागवला होता.

हिम्मतरावांनी माईक खाली ठेवला आणि गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. मैदानाच्या कडेला डबा घेऊन उभ्या असलेल्या भामाबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. भामाबाईंना ते बरंच वाटलं. नवऱ्याचा तो चेहरा त्यांना बघवला नसता.

हिम्मतराव बिरादार मूळचे उदगीरकडचे. घोडदळात रिसालदार होऊन निवृत्त झाले आणि गावाकडे न जाता सिकंदराबादेतच, बोलारमला राहिले. हैदराबादेत तेव्हा नवा पैसा खेळू लागला होता. माळरानावर काचेच्या इमारती उठत होत्या, घरोघरी डिशच्या छत्र्या लागत होत्या. ग्रॅनाइटच्या धंद्यात वर आलेल्या रेड्डीसाहेबांनी यापरालच्या पुढे जमीन घेऊन घोडेस्वारीची शाळा काढली, तेव्हा शिकवायला हिम्मतरावांखेरीज दुसरं नाव कुणी सुचवलं नाही. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

ते शिकवत ते ड्रेसाज. उड्या नाहीत, शर्यत नाही. आखलेल्या मैदानात घोड्याने कदम, दुडकी, गोल फेरी, थांबणं हे सगळं इतक्या सहज करायचं, की पाठीवर बसलेल्याने काही सांगितलं असेल असं बघणाऱ्याला वाटू नये. "घोडा दिसला पाहिजे, स्वार नाही," असं उस्ताद म्हणत. मात्र हे शिकवताना त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जाई. ऊन चढलं, धूळ उडाली, वारा सुटला, तरी मैदानाच्या त्या टोकाला असलेल्या स्वाराच्या कानात उस्तादांचा शब्द बरोबर पोचायचा.

मग तो आवाज बसला. धुळीने बसला असेल म्हणून त्यांनी सगळा उन्हाळा मध आणि ज्येष्ठमधावर काढला. शेवटी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी हळूच भामाबाईंना खुर्ची दिली. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला. आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही हाताच्या अंतरावर ऐकू येणारी.

रेड्डीसाहेब माणूस वाईट नव्हता. घरी येऊन ते म्हणाले होते, "उस्ताद, दाणा-चाऱ्याचं स्टोअर तुमी बघा. आरामात बसा. हमारे पास ही रहो." हिम्मतरावांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई अंगणात सडा टाकायला आल्या, तर नवरा नळापाशी पाठमोरा उभा. छाती फुगवून, हनुवटी वर करून तो ओरडत होता. टाच खाली. नजर पुढे. आवाज अजिबात नव्हता, नुसते ओठ हलत होते. भामाबाई बादली तिथेच ठेवून पावलं न वाजवता घरात परतल्या.

मैदानावर नवा शिक्षक आला होता. तोंडाने इंग्रजी झाडणारा आणि हाताने लगाम खेचणारा. नगीना मुळात मलकपेटच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली, जिवाची घाबरट घोडी. उस्तादांनी वर्षभर खपून तिला चालायला शिकवलं होतं. नव्या माणसाच्या हाताखाली तिने पंधरवड्यात दोघांना पाडलं, आणि तो माणूसही एक दिवस यायचा बंद झाला. रेड्डीसाहेब वैतागले. फेब्रुवारीत छावणीच्या मैदानावर स्पर्धा होती. तिथे घोडी नीट वागली तर ठीक, नाही तर वरातीच्या घोडेवाल्याला देऊन टाकतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

"बँड, फटाके, जनरेटरचे दिवे," शर्वरी भामाबाईंना सांगत होती. "काकू, ती महिनाभर जगणार नाही हो तिथे."

शर्वरी पुण्याची. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, सहा-सहा महिने अमेरिकेत. ती तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये एकटी. कुणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून ती घोड्यावर बसायला आली आणि नगीनात अडकली. बोलारमच्या घरी येऊन उस्तादांना पुन्हा मैदानावर ओढून आणलं ते तिनेच. पण आणून करायचं काय? शिट्टी वाजवून पाहिली, तर घोडीला रेसचं मैदान आठवायचं. आज माईकचा असा बोजवारा उडाला.

शर्वरीने नगीनाला परत आत आणलं. हिम्मतराव मध्यभागी उभे राहून हातवारे करू लागले. पण स्वाराची नजर पुढे हवी, हाताकडे नव्हे. शर्वरी त्यांच्याकडे बघायला मान वळवी, की घोडी वाकडी होई. ताणामुळे शर्वरीचे खांदे कानाला लागले होते. हिम्मतरावांचे ओठ हलत होते. काय म्हणताहेत ते भामाबाईंना कडेला उभं राहूनही दिसत होतं. खांदे. खांदे. अगं, खांदे!

"बाई, खांदे पाडा की खाली!"

कोण ओरडलं ते भामाबाईंना क्षणभर स्वतःलाच कळलं नाही. तबेल्यातला मोतद्दार बाहेर आला. रेड्डीसाहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. शर्वरीचे खांदे मात्र खाली आले, आणि नगीनाने एक कान आवाजाकडे वळवून मान सैल सोडली.

भामाबाईंचा आवाज हा तसा जुना विषय होता. लहानपणी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर त्यांनाच बसवत, कारण त्यांच्या एका हाळीने दोन शिवारांतली पाखरं उठत. लग्न होऊन पलटणीच्या क्वार्टरमध्ये आल्यावर हिम्मतराव पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "हळू बोल जरा. शेजारी साहेबलोक राहतात." तेव्हापासून त्या हळू बोलत आल्या होत्या.

आता हिम्मतराव त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी बोटाने खूण केली. इकडे ये.

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. मैदानाच्या मधोमध दोघं खांद्याला खांदा लावून उभे. ते कुजबुजत, त्या ओरडत.

"बाहेरचा लगाम धरून ठेवा!"

"वजन डाव्या अंगाला!"

"तिला ढकलू नका, वाट बघा!"

मैदानाच्या कडेला इंग्रजी अक्षरांच्या पाट्या होत्या. चाल कुठे बदलायची हे त्या अक्षरांवरून ठरे. भामाबाई मराठी चौथी शिकलेल्या. पहिले काही दिवस त्या "टाकीपासून दुडकी" आणि "चिंचेपाशी थांबा" असंच ओरडत. मग उस्तादांनी त्यांना एकेक अक्षर दाखवलं. संध्याकाळी घरी परतताना भामाबाई बसमधून दुकानांच्या पाट्यांवर ती अक्षरं शोधत बसायच्या.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी शर्वरी गोल फेरीत पुढे झुकली आणि हिम्मतरावांनी ओठ हलवायच्या आत भामाबाई ओरडल्या, "डोक्यावर घागर आहे असं बसा! पाणी सांडेल!"

शर्वरी हसली, ताठ झाली आणि फेरी सुरेख झाली. हिम्मतरावांचा चेहरा मात्र उतरला.

"मी सांगतो तेवढंच बोलायचं," ते कुजबुजले.

"बरोबर झालं की पण."

"बरोबर-चूक मी ठरवीन. तू नाही."

ते तरातरा तबेल्याकडे निघून गेले. भामाबाई मागोमाग गेल्या. ते नगीनाच्या खणापाशी दाराला टेकून उभे होते.

"रागावलात?"

त्यांनी तोंड नगीनाकडे फिरवलं.

"अहो, मी काय मुद्दाम बोलले का? तुम्ही मनात बोललात, मला ऐकू आलं."

"घागर मी नव्हतो बोललो." ते थांबले. एवढं बोलायलाही त्यांना श्वास जोडावा लागत होता. "सगळा जन्म हेच एक येत होतं मला. आता ते तुझ्या तोंडातून बाहेर पडायलंय. उद्या मी इथं नसलो तरी चालेल. हौ का नाही?"

भामाबाईंना कळवळून आलं आणि रागही आला. "तुमच्या घरात इतकी वर्षं मी हळू बोलले," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी नव्हते का त्या घरात? होतेच की. आवाज नाही म्हणून माणूस नाही, असं कोण बोललं तुमाला?"

हिम्मतरावांनी कडी काढली. मग दार उघडून आत गेले आणि नगीनाची मान चोळू लागले. भामाबाई जायला वळल्या तेव्हा मागून कुजबुज आली.

"त्या बाईला खरी घागर घेऊन चालव एकदा. कमरेत कडक बसते ती."

दुसऱ्या दिवशी शर्वरी डोक्यावर कळशी घेऊन तबेल्याच्या नळापासून मैदानापर्यंत चालली. निम्मं पाणी अंगावर सांडलं. मोतद्दार पोट धरून हसला, तीही हसली. नवरा अमेरिकेहून फोनवर विचारतो तू दिवसभर करतेस काय, आज त्याला सांगेन, ती म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी छावणीच्या मैदानावर कडक इस्त्रीचे गणवेश आणि टोप्यांची गर्दी होती. खालच्या वर्गातल्या स्वारांना एक सवलत होती. पुढची चाल कोणती, ते कडेला उभं राहून कुणीतरी मोठ्याने सांगितलं तरी चालत असे. हे काम आजवर उस्ताद करत. आता भामाबाई इरकली लुगड्याचा पदर कमरेला खोचून उभ्या राहिल्या. सगळ्या चाली पाठ होत्या. हिम्मतरावांनी बजावलं होतं, "जे ठरलंय तेवढंच. एक शब्द जास्त गेला, तर ती बाद."

"मराठीत बोलेंगे?" व्यवस्थेवरच्या सुभेदाराने विचारलं.

"घोडीवाली बाई मराठी है," भामाबाई म्हणाल्या. त्याने खांदे उडवले आणि जाऊ दिलं.

घंटा झाली. "ए पासून आत, दुडकी!" भामाबाईंचा आवाज मैदानभर गेला. दोन-चार टोप्या वळल्या. नगीना सरळ रेषेत आली, थांबली. शर्वरीने परीक्षकांना मान लववून नमस्कार केला. पहिली फेरी चांगली झाली. दुसरी त्याहून चांगली.

आणि झाडांपलीकडे बँडची तालीम सुरू झाली. मोठ्या ढोलाचा एक दणका बसला आणि नगीना जागच्या जागी थिजली. डोकं वर, पाठ लाकडासारखी. शर्वरीचे खांदे पुन्हा कानाकडे निघाले. भामाबाईंना ते दिसत होतं. शब्द ओठांवर आला होता. खांदे. तो एकच शब्द त्यांना म्हणता येत नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हिम्मतराव पुतळ्यासारखे उभे होते. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि उघडले.

भामाबाईंनी श्वास घेतला. पुढची चाल होती ती त्यांनी सांगितली, पण ओरडून नव्हे. गोठ्यात अंधारात शिरताना जनावर दचकू नये म्हणून माणूस बोलतो, तशी.

"बी पासून... कदम. लांब लगाम."

नगीनाचा कान वळला. शर्वरीने श्वास सोडला तो लांबूनही दिसला. तिने लगाम ढिला केला, जिथे भल्याभल्यांनी आवळला असता. घोडीने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. ढोल वाजतच होता. मान खाली सोडून, फुरफुरत, नगीना त्या तालाकडे पाठ करून चालू लागली, आणि शेवटच्या नमस्कारापर्यंत पुन्हा थांबली नाही.

बक्षीस मिळालं नाही. थिजण्याचे गुण गेले, नंबर मधेच कुठेतरी लागला. मुख्य परीक्षक बाई मात्र नंतर नगीनाजवळ आल्या, तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "इसको किसने सिखाया? इतना डरकर भी भरोसा नहीं छोड़ा." शर्वरी सांगायला लागली आणि रडूच लागली. रेड्डीसाहेबांनी घोडेवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही. परतताना ते एवढंच म्हणाले, "उस्ताद, सोमवार से चार नए बच्चे आ रहे. आप दोनों संभाल लो."

सोमवारी सकाळी मुली आल्या. शाळेतल्या, नव्याकोऱ्या टोप्या घातलेल्या, एकमेकींशी निम्मं इंग्रजी बोलणाऱ्या. भामाबाई मधोमध उभ्या राहिल्या. शेजारी हिम्मतराव. पहिली मुलगी घोड्यावर बसली, दोन फेऱ्या झाल्या. ऊन चढू लागलं. ऑपरेशनपासून हिम्मतरावांना फार वेळ उभं राहवत नसे, पण त्यांनी कधी तसं कबूल केलं नव्हतं. घोडा चालत असताना शिकवणारा बसत नाही, ही पलटणीची रीत.

मोतद्दाराने रोजच्यासारखी खुर्ची आणून कडेला ठेवली होती, आणि रोजच्यासारखी ती रिकामी होती.

हिम्मतराव वळले. सावकाश चालत कडेला गेले, खुर्ची रुमालाने झटकली आणि बसले. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

भामाबाईंनी मागे वळून पाहिलं. आता त्यांची कुजबुज इथवर ऐकू येणार नव्हती. पलीकडे मुलीच्या टाचा वर चढल्या होत्या. हिम्मतरावांनी हनुवटीने घोड्याकडे खूण केली: इकडे काय बघतेस, तिकडे बघ.

"टाच खाली, पोरी!" भामाबाईंनी आवाज दिला.

मुलीने टाच खाली दाबली. खुर्चीतल्या माणसाने मफलर सोडून मांडीवर ठेवला आणि गळ्याला वारा लागू दिला.