नमुन्याच्या रेकॉर्डवरची सही

इंग्लंडातल्या शेफिल्डमधल्या आमच्या वयाच्या कुणाही बेस गिटारवाल्याला विचारा, ऐकू नीट येतं का म्हणून. तो म्हणेल, झकास. मीही तेच म्हणत आलो. पोस्ट-पंक रॉकच्या त्या दणदणाटी दिवसांत ड्रम आणि स्पीकरच्या मधे उभं राहून माझे कान कामातून गेले, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

आमच्या बँडचा पहिला अल्बम एकोणऐंशीचा. दोन वर्षांनी आमचा गायक नेव्हिल गळफास घेऊन गेला. त्याची बहीण ग्लेंडा आता पासष्टीची आहे. गाण्यांतलं त्याचं ओरडणं तिला कधीच रुचलं नाही. "तो माझा नेव्ह नव्हेच," म्हणायची. म्हणून अल्बम पुन्हा रेकॉर्डवर काढायचं ठरलं, तेव्हा मी तिला शब्द दिला. मूळ टेपवर शेवटचं गाणं संपल्यावर नेव्हिल साध्या आवाजात बोलला होता, "ग्लेंडा, चहा ठेव, निघालोच." तेव्हा आम्ही ते गाळलं होतं, आता ठेवणार होतो. त्याचं बोलणं जगात तेवढंच उरलं होतं.

इतकी जुनी टेप भट्टीत तापवून एकदाच वाजवता येते, मग तिचा लेप झडतो. टोबी नावाच्या तंत्रज्ञाने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि नमुन्याची रेकॉर्ड मला पाठवली. रिवाजच आहे तसा. बँडमधल्या कुणीतरी ऐकून सही करायची, मगच बाकीच्या छापायच्या. मी ऐकली. शेवटी नेव्हिल बोलला, अगदी स्पष्ट. चाळीस वर्षं पाठ असलेलं वाक्य कुणाला ऐकू येणार नाही? मी सही ठोकली.

नवी रेकॉर्ड घेऊन ग्लेंडाकडे गेलो. गाणं संपलं. ती स्पीकरला कान लावून बसली.

"कुठंय रे तो?"

"आत्ता बोलला की."

"पुन्हा लाव."

तीनदा लावली. मग अंगणात जाऊन, फोनचा आवाज पूर्ण वाढवून मी टोबीला गाठलं.

"शेवटची ती घरघर? ती काढून टाकली मी," तो म्हणाला. "शेवट तपासा, असं नमुन्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की. तुमची सही आली, मूळ फाइली पुसल्या."

मी आत आलो. खरं सांगायला जीभ रेटेना. "बारीक आहे गं आवाज," म्हटलं. "वय झालं तुझं." बहिरा मी, आणि बहिरी तिला ठरवलं. इतका हलकटपणा मी आयुष्यात केला नव्हता.

आठवड्याने ती माझ्या दारात उभी राहिली, रेकॉर्ड हातात घेऊन.

"कान तपासून आले," म्हणाली. "ठणठणीत आहेत म्हणे. क्लाइव्ह, तो गेला त्या दिवशी सकाळी मी त्याला नाही नाही ते बोलले होते. तुला कधी सांगितलं नाही." तिने रेकॉर्ड माझ्या हातात दिली. "तूच ठेव बाबा. तुझ्याशी तरी बोलतो."

मी ती घेतली.