सह्यांचा पाय

मी प्लास्टर बोलतोय. भिंतीचं नव्हे, पायाचं. एका म्हाताऱ्या गायकाच्या उजव्या पायाचं, गुडघ्याखालपासून बोटांच्या मुळापर्यंत. ह्या गोष्टीतली बहुतेक माणसं साठीच्या आसपासची किंवा पलीकडची. सगळ्यांत लहान मीच. तेव्हा तोंड सोडून बोललो तर राग धरू नका. धरलात तरी माझं काही अडत नाही.

ज्याच्या पायावर मी होतो त्याला सगळे लांडगा म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव काहीतरी असणारच, पण ते फक्त औषधांच्या कागदावर होतं. जवानीत तो गळ्यात गिटार अडकवून, अनवाणी पायांची नखं काळी रंगवून स्टेजवर यायचा आणि शेवटच्या गाण्यानंतर मान मागे टाकून लांबलचक आरोळी ठोकायचा. हूऽऽऽ. समोरची सगळी गर्दी तशीच आरोळी परत द्यायची. ही गर्दी स्वतःला कळप म्हणवते. अजूनही.

आता लांडग्याची सत्तरी उलटली होती. कळपातही कोणाला मधुमेह, कोणाला कानाचं यंत्र. पण कार्यक्रमाला जमले की अक्कल बाहेर चपलांबरोबर ठेवून येणार आणि ओरडणार, "उडी! उडी!" पूर्वी तो उंच स्पीकरवरून उडी मारायचा ना! ह्या वेळीही ओरडले. तो चढला. चढतानाच गुडघे लटपटत होते, पुढच्यांना ते दिसलंही होतं. मग त्यांनी काय केलं, तर आणखी जोरात ओरडून त्याला धीर दिला. उडी झाली. घोट्याच्या वर दोन्ही हाडं मोडली, आणि लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. कौतुकानं सांगत होते.

माझा जन्म दवाखान्यातल्या एका बादलीत झाला. त्याआधी मी नुसत्या गुंडाळ्या होतो, जाळीदार कापड आणि त्यात पांढरी भुकटी. बादलीत बुडवलं की बुडबुडे सोडले, पिळलं, की झालो तयार.

खरं तर त्या दिवशी मी अर्धाच जन्मायचो. डॉक्टर म्हणाले, "आज मागून नुसता आधार देऊ आणि वरून पट्टी बांधू. पाय सुजणार आहे. सुजेला जागा हवी. पुरं प्लास्टर सूज उतरल्यावर."

कळपाचे अध्यक्ष पायाशीच उभे होते. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, केस काळेभोर रंगवलेले, मागे शेपटी बांधलेली. ते म्हणाले, "पण डॉक्टरसाहेब, पट्टीवर सह्या कशा करायच्या? खाली किती माणसं उभी आहेत बघा तरी."

लांडगा हसला. वेदनेनं ओठ पांढरे पडले होते, तरी हसला. "अर्धवट कामं मी कधी केली नाहीत, डॉक्टर. होऊन जाऊ दे पुरं."

डॉक्टरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. हा माणूस कॉलेजात असताना परीक्षा बुडवून लांडग्याला ऐकायला गेला होता, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं. आता त्यांचा चेहरा पुन्हा त्याच वयाचा झाला. "तुम्ही म्हणताय तर..." ते म्हणाले.

त्यांना माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा. सगळं माहीत होतं.

ओलं प्लास्टर सुकताना गरम होतं. माझ्या आयुष्यातली ऊब तेवढीच. मी त्या पायाला घट्ट वेढून बसलो आणि दगड झालो. दगडाला सैल होता येत नाही. पुढे जे झालं त्यात मला कोणी 'आवळणारा' म्हणालं तर ते मी ऐकून घेणार नाही. मी होतो तेवढाच राहिलो. पाय वाढत होता.

सकाळी कळपाला वर सोडलं. रांग जिन्यापर्यंत. काळे बनियन, पोटावर ताणलेले, छातीवर लांडग्याचा तरुण चेहरा. एकेक जण खोलीत यायचा, आणि बघायचा कुठे? माझ्याकडे. पलंगावरच्या घामेजलेल्या तोंडाकडे कोणी धड बघितलं नाही. खाली वाकून लिहायचे. 'लवकर उठ, आम्ही म्हातारे होतोय.' 'तू पडलास तर आम्ही कुठं उभं राहायचं?' 'पुन्हा उडी!!' एकानं स्वतःच्या मेलेल्या बायकोची सही केली, अगदी तिच्यासारखी वळणदार, आणि पेनाला टोपण लावून निघून गेला.

मग कोणीतरी माझ्यावर कान टेकवला.

"ऐका, ऐका! आतून ठोके येताहेत!"

येत होतेच. पाय सुजून माझ्यावर आतून धडका देत होता. धप्. धप्. धप्.

"तोच ताल!" कान लावणारा रडायला लागला. "अजून तोच ताल आहे हो!"

झालं. मग प्रत्येकाला कान लावायचा होता. थंडगार कानांची रांग. लांडगा चादर मुठीत धरून वरून बघत होता. चाहत्यांसमोर कण्हायचं नाही, ही त्याची जुनी खोड.

दुपारी एक बाई आल्या. त्यांचं पार्लर होतं. मांडीवर पर्स, पर्समध्ये बाटल्या. त्यांनी माझ्यातून बाहेर डोकावणारी पाचही बोटं निगुतीनं पुसली, नखं घासली आणि काळी रंगवली. गडद, चकाकती, दोन हात. "आता कसे तुम्ही तुम्ही दिसता, दादा," त्या म्हणाल्या. लांडग्यानं मान उचलून बघितलं. त्यालाही बरं वाटलं. म्हातारा झाला तरी माणूसच तो.

थोड्या वेळानं सिस्टर आल्या. दर खेपेला त्या बोटाचं नख दाबून बघायच्या. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी, म्हणजे रक्त फिरतंय. ह्या वेळी दाबलं तर काळं, सोडलं तरी काळं.

"हे काय करून ठेवलंय?"

"ती ओळख आहे त्यांची, सिस्टर," अध्यक्ष म्हणाले.

"बोटं हलवा बघू, आजोबा."

"हलवतोय की," लांडगा म्हणाला.

हलत नव्हती. त्याला मात्र हलल्यासारखी वाटत होती. सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर दारातूनच काळ्या नखांकडे बघून हसले. "असू द्या, असू द्या. काळीच हवीत. मी गोळी वाढवतो."

त्यानंतर लांडग्यानं आरोळी ठोकली.

मी तिच्या मुळाशी होतो, म्हणून सांगतो. ती गळ्यातून निघालीच नाही. नडगीतून निघाली, मांडी चिरत वर गेली, पोटातून छातीत आणि मग बाहेर. हूऽऽऽ.

बाहेरच्या व्हरांड्यातून उत्तर आलं. हूऽऽऽ. मग जिन्यातून. मग खालच्या रस्त्यावरून, शेकडो गळ्यांतून. खिडकीची तावदानं थरथरली. लांडग्याचे डोळे विस्फारले. तो हात हलवून 'नको, नको' करत होता. हात हलताना बघून ते आणखी चेकाळले.

"दुखतंय," तो म्हणाला.

"काय म्हणाले?" मागून कोणी विचारलं.

"'दुखतंय' म्हणाले."

"नवीन गाणं आहे का?"

तो पुन्हा ओरडला, त्यांनी पुन्हा साथ दिली. जेवढं खरं ओरडला तेवढी साथ सुरेल होत गेली. आजूबाजूच्या खोल्यांतले रोगी दारं लावून बसले. शेवटी त्याचा आवाज बसला, तरी रस्त्यावरून आरोळी येतच राहिली, जशी काही ती आता त्याच्या मालकीची नव्हतीच.

आणि माझ्या आतले ठोके थांबले. पाय लाकडासारखा टणक आणि गार झाला. कान लावून बसलेला एक जण म्हणाला, "अरे, ताल थांबला!"

"त्या गाण्यात मध्ये थांबा आहे," अध्यक्ष म्हणाले. "माहीत नाही का तुला? कसला कळपातला तू!"

त्याच सुमाराला जिन्याशी वादावादी झाली. बाईमाणसाचा आवाज.

"रांग मागून आहे, ताई."

"मी मुलगी आहे त्यांची."

"आम्ही सगळी त्यांचीच मुलं आहोत, ताई. मागून या."

बोलणारा साठीचा होता, बरं का.

ती त्याला कोपरानं ढकलून आत आली. दुसऱ्या गावी चष्म्याचं दुकान चालवते. बापाचं आणि तिचं फारसं पटत नाही, त्याचं एकही गाणं तिला आवडत नाही. फार बरं झालं. ती दारात उभी राहिली, बाप पुन्हा घोगरा ओरडला, बाहेरच्यांनी सूर धरला, आणि ती किंचाळली, "गप्प बसा सगळे! हे गाणं नाहीये! दाढ सुजली होती तेव्हा असेच ओरडत होते घरी. बाबा, कुठं दुखतंय?"

"मघाशी दुखत होतं पोरी," तो म्हणाला. "आता काहीच कळत नाही."

तिनं बोटांना हात लावला आणि झटकन काढला. मग पार्लरवाल्या बाईंकडे वळली. "रंग काढायचं काय आहे तुमच्याकडे? द्या."

"पण अहो, आत्ताच तर..."

"द्या!"

कापसानं अंगठ्याचं नख पुसलं. वरचा काळा निघाला. खाली दुसरा काळा होता. तो पुसला जाईना.

डॉक्टर धावत आले. करवत आली, थरथरत कापणारी. मी जन्मभर कशाची वाट बघितली असेल तर तिची. काप बाबा, सरळ रेषेत, वरून खाली, एका दमात! करवत टेकली, पांढरी धूळ उडाली, आणि अध्यक्ष ओरडले, "जपून! सह्या! सह्यांना लावू नका!"

तुमचा विश्वास बसणार नाही असं घडलं. डॉक्टरांनी हात वळवला. एका नावाला वळसा घातला, मग दुसऱ्याला. वळणावळणाची वाट कापत ते घामाघूम होऊन खाली आले. मुलीनं त्यांच्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा कुठे करवत सरळ चालली. त्या एका गुद्द्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे. पण तो उशिराच पडला.

मी दोन भाग होऊन उघडलो. आत काय होतं ते सांगत नाही. कळपानंही बघितलं नाही. त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि नेलं.

काही दिवसांनी अध्यक्षांच्या बोलण्यात आलं, पाय गुडघ्याखालून काढला. खोलीत सगळे हळहळले. मग त्यांनी माझे दोन्ही भाग डिंकानं जोडले.

आता मी कळपाच्या खोलीत असतो. खाली छपाईचं दुकान आहे, वर ही खोली. काचेची पेटी, तिच्यात दिवा, दिव्याखाली मी उभा. करवतीची वाट नावांना वळसे घालत अजून दिसते. लोक येतात, स्वतःची सही शोधतात, मुलांना दाखवतात.

एका दुपारी लेकीच्या आधारानं एक म्हातारा जिना चढून आला. कुबड्या, पांढरे केस, पँटची एक बाजू दुमडून पिन लावलेली. तो माझ्यासमोर उभा राहिला. मागून एक बाई म्हणाल्या, "जरा बाजूला होता का आजोबा, फोटो काढतेय."

तो झाला की बाजूला!

मग अध्यक्षांनी ओळखलं. एकच गलका. "दादा! अहो दादा आलेत!" आणि पाठोपाठ ती कल्पना. कोणाची ते सांगत नाही, सगळ्यांचीच होती. "एकच फोटो, दादा. एक मिनिट फक्त." पेटी उघडली, मला काढलं, आणि त्याला खुर्चीत बसवून त्याच्या गुडघ्याखाली लावलं. पूर्वीच्या जागी.

मी पोकळ आहे. माझ्यात कापसाचे चार धागे आणि धूळ, एवढंच. हे मला तुमच्यापेक्षा बरं ठाऊक आहे. पण त्याचं ते उरलेलं टोक माझ्या काठाला टेकलं आणि माझ्या आत अंगठा हलला.

लांडग्यानंही खाली बघितलं.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "खाजतंय गं."

"कुठं?"

"अंगठ्याच्या मागं."

तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग जमिनीवर बसली आणि बोटांच्या बाजूनं माझ्यात हात घातला. "इथं?"

"जरा आत."

ती रिकाम्या जागेत खाजवू लागली. त्यानं डोळे मिटले. खांदे खाली आले. इतक्या दिवसांत त्या माणसाला आराम पडलेला मी पहिल्यांदा बघितला. समोर फोन वर झाले होते.

"हे आम्ही घरी नेतो," ती उठून म्हणाली.

"तसं कसं, ताई?" अध्यक्ष म्हणाले. "कळपाची ठेव आहे ही."

"माझ्या बापाचा पाय आहे तो!"

"पाय दवाखान्यानं नेला, ताई. ह्याच्यावर सह्या आमच्या आहेत. वाचून बघा."

ती मला धरून ओढायला लागली. चार जणांनी दुसऱ्या बाजूनं धरलं. मी मध्ये करकरलो.

"राहू दे पोरी," लांडगा म्हणाला. "फुटेल."

तो जिना उतरला. कुबडी, पाय, कुबडी, पाय. खाली दार लागल्याचा आवाज आला. पण जे माझ्यात हललं होतं ते त्याच्याबरोबर गेलं नाही.

ते इथेच आहे. दिव्याखाली, काचेत. दिवसभर अंगठा आतून माझ्यावर घासतो, थांबतो, पुन्हा घासतो. तिकडे तो घरी खुर्चीत बसला असेल आणि हात न्यायला जागा नसेल.

तुम्ही कधी ह्या खोलीत आलात तर सह्या वाचू नका. मला उचला आणि पळा. तेवढी छाती नसेल, तर निदान कोणी बघत नसताना बोटांच्या बाजूनं हात घाला आणि खाजवा. घाबरू नका, गार लागेल. अंगठ्याच्या मागं. नाही, तिथं नाही. जरा आत.